भुऱ्याचा धनी

अक्कलकोटच्या वाटेवर नव्यानं मोटारी धावू लागल्या, तेव्हाची ही गोष्ट. मेंढपाळांचे कळप सोलापूरच्या शिवेवरून जात. एखादं कुत्रं मोटारीच्या चाकाखाली सापडलं, की कळप पुढं हाकला जाई आणि कुत्रं मागं राही. असली कुत्री मायाक्काच्या खोपटात येत. मायाक्का लोकर कातून पोट भरणारी विधवा. कुत्रं बरं करायचं आणि चांगलं घर बघून द्यायचं, हाच तिचा नाद. देताना ती घेणाऱ्यावर उगाच खेकसायची, म्हणजे रडू येत नसे.

भुऱ्याला तिनं नाल्यातून उचललं तेव्हा त्याचा मागचा पाय मोडून लोंबत होता. तिनं बांबूच्या कामट्या बांधल्या, जखमेत हळद भरली. तो चावायला धावायचा, तरी दुधात कुस्करलेली भाकरी भरवली. पावसाळा सरता सरता भुऱ्या लंगडत का होईना, पळू लागला. मोडनिंबच्या मानसिंगनं त्याला मळ्यावर मागितलं. मायाक्का आधी मळा बघून आली, मगच हो म्हणाली.

पण मानसिंग यायच्या आधी बिरप्पा मेंढपाळ दारात उभा राहिला. त्याचा कळप परतला होता.

"आक्का, माजं कुत्रं हितं हाय म्हनं."

"तुजं? नाल्यात टाकून गेलास ते?"

"मला वाटलं, मेलं."

"बघितलंस व्हय वाकून?"

तेवढ्यात भुऱ्या मागच्या अंगणातून धावत आला आणि बिरप्पाच्या पायांवर लोळू लागला. आनंदानं नुसता कुईं कुईं करत होता. मायाक्कासाठी तो असा कधी लोळला नव्हता.

"बघा की, त्यानंच निवाडा केला," बिरप्पा हसला.

"कुत्र्याला अक्कल न्हाय म्हणून मलाबी नसावी व्हय? चालता हो!"

तिनं भुऱ्याला फरफटत आत नेलं आणि मेढीच्या खांबाला बांधलं. तो रडत राहिला. भाकरीला तोंड लावलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

"ज्यानं टाकलं त्याच्यासाठी रडतोस? मग मी कोण रं तुजी?" तिनं थाळी लाथेनं उडवली.

शेजारची गुरम्मा कुंपणाशी आली. "राग बिरप्पावर काढ की. ह्या मुक्या जीवावर कशाला?"

मायाक्कानं भुऱ्याला सोडलं आणि त्याला दोरीनं धरून तडक कळपाचा तळ गाठला.

बिरप्पाची बायको तानाबाई चुलीपासून उठून धावत आली. भुऱ्याचा पाय चाचपून ती रडू लागली. "आक्का, मी म्हनलं हुतं ह्यास्नी, मागं फिरा. लई म्हनलं."

मायाक्का बिरप्पाकडं वळली. भोवती तळावरची माणसं जमली होती. "सांग ह्यांना, काय केलंस."

"चुकलं, आक्का."

"मोठ्यानं!"

बिरप्पानं मान खाली घातली. "जित्तं हुतं. मला ठावं हुतं. कळप पान्यावर न्यायचा हुता, म्हणून सोडलं."

तिला वाटलं, त्याच्या कानफटात द्यावी. हात उचललाही. मग तिनं दोरी तानाबाईच्या हातात कोंबली. "कुत्रं तुला देतीया, ह्याला न्हाय. पुन्यांदा टाकलासा तर..." ती तशीच माघारी फिरली.

भुऱ्यानं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. तो मेंढरांत जाऊन बसला होता.

दोन दिवसांनी मानसिंग बैलगाडी घेऊन आला. कुत्रं गेल्याचं ऐकून तो भडकला. "शब्द दिला हुता तुमी!"

"दिला हुता. मोडला. आता जावा."

गाडी गेल्यावर तिनं भुऱ्याचं फाटकं घोंगडं उन्हात नेऊन आपटलं आणि लोकर कातायला बसली. धागा सारखा तुटत होता. दर वेळी ती बिरप्पाला शिव्या घालायची, मग भुऱ्याला, आणि पुन्हा पीळ द्यायची.