सोळा अंश

थर्मामीटर सोळा दाखवत होता आणि हार्टमुटच्या तोंडातून वाफ निघत होती. उघड्या अंगावर काटा आला होता. त्याने काचेवर नखाने टकटक केली. पारा हलला नाही.

तळ्याकाठच्या या विवस्त्र वावरणाऱ्यांच्या मंडळाची राखण तो एकोणीस वर्षं करत होता. नियम जुना होता: सकाळी दहाला पारा पंधराच्या खाली गेला की हंगाम संपला, कपडे अंगावर, ते थेट मेपर्यंत. सप्टेंबर सरत आला, बर्चच्या झाडांची पानं झडून कुंपण विरळ झालं, तरी नोंदीच्या फळ्यावर त्याला रोज सोळाच लिहावं लागत होतं.

"कोणीतरी गडबड करतंय," तो म्हणाला.

"माझ्याकडे काय बघतोस?" मंडळातला विनफ्रीड गारठलेले गुडघे चोळत होता. "मी तर विजारीची स्वप्नं बघतोय."

हार्टमुटला ते पटलं नाही. गेल्या वर्षी हंगाम वाढवा म्हणून सभेत भांडला होता तो हाच.

दुसऱ्या दिवशी हार्टमुट नऊलाच होड्यांच्या शेडमागे जाऊन उभा राहिला. दहाला पाच कमी असताना रोझविटा आली. एक्क्याऐंशी वर्षांची. तिने थर्मामीटर खिळ्यावरून काढला, मुठीत धरला, डोळ्यांजवळ नेऊन पाहिला, पुन्हा मुठीत धरला.

"तू होय?"

ती दचकली नाही. "हात गार पडलेत. आज वेळ लागतोय."

"सगळे कुडकुडतायत, रोझविटा. कशासाठी हे?"

तिने कुरणाकडे पाहिलं. तिचा नवरा लोथार तिथे सफरचंद सोलत बसला होता. "घरी तो मला ओळखत नाही. कपड्यातली बाई त्याला परकी वाटते. इथे पोटावरचा हा व्रण दिसला की नावाने हाक मारतो." तिने मूठ घट्ट केली. "मेपर्यंत तेही राहील का, काय सांगू?"

हार्टमुटने थर्मामीटर घेऊन खिळ्याला लावला. दहा वाजेपर्यंत पारा उतरत गेला. मग त्याने खडू उचलला, जरा वेळ तसाच धरला आणि फळ्यावर लिहिलं: बारा.

"सुटलो एकदाचे," विनफ्रीड स्वेटरात डोकं घालत म्हणाला.

रोझविटा कोटाची बटणं लावून लोथारशेजारी बसली. तो अदबीने बाजूला सरकला. सफरचंद कापून अर्धं त्याने तिच्यापुढे केलं.

"घ्या ना," तो म्हणाला. "अर्धं बायकोसाठी ठेवतो. पाण्यात गेलीय, येईलच एवढ्यात."