कालव्याच्या कडेनं गेलेला कळप

रविवारी दुपारी एक वाजला की हिंदुरावांच्या घरातला फोन खणखणायचा आणि आनेके ताटावरून उठून पळायची. हॉलंडातून तिची आई बोलायची. विद्यार्थ्यांच्या अदलाबदल योजनेतून ही पोर वर्षभरासाठी माळेगावात राहायला आली होती. हिंदुराव कारखान्यात साहेब, घर ऐसपैस आणि त्यांची योगिनी तिच्याच वयाची, म्हणून पाहुणी त्यांच्याकडे. योगिनीची मैत्रीण म्हाळसा नेमकी रविवारी एक वाजताच तिथं टपकायची. ती भाषा तिला ओ की ठो कळत नव्हती. पण बोलता बोलता आनेकेचा आवाज मध्येच लहान पोरीसारखा व्हायचा, तो ऐकायला ती यायची.

"काय म्हनती गं तुझी आई?" तिनं एकदा विचारलं.

"आधी विचारते, जेवलीस का. दर वेळेला तेच," आनेके हसली. "तू तुझ्या आईला फोन कधी करते?"

"तिला नंबर न्हाय."

"मग पत्र?"

"धाडू कुठं? ती आज हितं, उद्या तितं."

म्हाळसाची आई काही सात समुद्रांपलीकडे नव्हती. आई झुंबरबाई आणि बाप तात्याबा दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणाकडे उतरायचे आणि पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या गावी, अंथुर्ण्याला परतायचे. पोरीनं चार बुकं शिकावीत म्हणून तिला पाचव्या वर्षी माळेगावात शकुबाई आत्याकडे ठेवली होती. चालत्या माणसाला कसला पत्ता आणि कसला फोन?

सत्त्याण्णवचा मे महिना होता. जूनमध्ये आनेके परत जाणार, त्याआधी तिघींनी मिळून फिरायचं ठरलं होतं. योगिनीच्या मनात महाबळेश्वर. त्यासाठी तिनं लाल स्वेटरसुद्धा घेऊन ठेवला होता. आनेके म्हणाली, "थंडी आमच्याकडे खूप आहे. आपण म्हाळसाची आई शोधू." योगिनीचं तोंड एवढंसं झालं, पण पाहुणीपुढे बोलणार काय?

म्हाळसाला हर्ष झाला आणि लगेच जाऊ नये असंही वाटलं. त्याचं कारण तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. आठवीत असताना एकदा ती शाळेतल्या पोरींबरोबर घरी येत होती. कोकणाकडे निघालेल्या मेंढरांनी रस्ता भरला होता. पोरींनी नाकाला रुमाल लावले. कळपामागून डोक्यावर पाटी घेऊन झुंबरबाई येत होती. लेक दिसली तशी तिनं हसून हात पुढे केला. म्हाळसानं उसाकडे तोंड फिरवलं.

एवढंच झालं. पोरींना कळलंही नाही. पण त्याला चार वर्षं होऊन गेली आणि झुंबरबाईनं माळेगावात आत्याच्या दारात पुन्हा पाऊल ठेवलं नाही. पावसाळ्यात अंथुर्ण्याला भेट व्हायची, आई पोटभर खाऊ घालायची, पण तो विषय दोघींपैकी कुणी काढत नव्हतं. म्हाळसाला आईची माफी हवी होती, आणि ती मागायची कशी, हे बारावीपर्यंतच्या एकाही पुस्तकात दिलेलं नव्हतं.

कोकणातून येणारे कळप कालव्याच्या कडेनं येतात, म्हणून तिघी आधी एसटीनं वडगाव निंबाळकरला गेल्या. सिंधुबाई नावाच्या बाईच्या रानात लेंड्या पडल्या होत्या, तीन दगडांच्या चुलीत राख होती, पण माणूस नव्हतं.

"तात्याबाची मेंढरं व्हय? खतासाठी चार राती बसवली हुती मी," सिंधुबाई म्हणाली. "काल सकाळच्यालाच निघाली की. रातीला माळेगावाच्या मागं, कालव्यावर मुक्काम म्हनत हुती."

"घ्या! काखेत कळसा आणि गावाला वळसा," योगिनी हसली.

म्हाळसाला हसू आलं नाही. काल रात्री आई आत्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर निजली होती आणि भेटायला आली नव्हती. ती नाकाला रुमाल लावून एसटीच्या खिडकीत बसली, धुळीचं निमित्त करून रडली. आनेकेनं तिचा हात धरून ठेवला.

रात्री बारामतीला योगिनीच्या मावशीकडे राहून दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा निघाल्या. चहाच्या टपरीवर, पाणवठ्यावर, दिसेल त्या गुराख्याला विचारत फिरल्या. उन्हानं आनेकेचं तोंड टोमॅटोसारखं लाल झालं, पण परत जाऊ असं ती एकदाही म्हणाली नाही. उन्हं कलता कलता अंथुर्ण्याच्या अलीकडच्या माळावर बाभळीखाली एक बिऱ्हाड दिसलं. मेंढरं चरायला गेलेली, कोकरं जाळीच्या कुंपणात कोंडलेली आणि चुलीशी एकटी झुंबरबाई.

तिनं मान वर केली. लेक ओळखली. तिचा चेहरा उजळला, ती अर्धी उठलीही. मग तिची नजर बरोबरच्या दोघींकडे गेली, त्यांच्या स्वच्छ कपड्यांकडे गेली, आणि ती परत खाली बसली.

"कुनीकडल्या पोरी म्हनायच्या तुमी?" ती परक्या आवाजात म्हणाली. "लांबनं आल्या जनू. बसा, पानी घ्या."

तिनं घोंगडी झटकून पाहुण्यांसाठी अंथरतात तशी अंथरली. पाणी दिलं. म्हाळसाला सगळ्यात शेवटी दिलं, तिच्याकडे न बघता.

"हीच का तुझी आई?" योगिनी कुजबुजली.

म्हाळसानं पाणी न पिताच खाली ठेवलं. आई लेकीची लाज राखत होती. चार वर्षांपूर्वी लेकीनं जे शिकवलं, ते तिनं इमानेइतबारे पाठ केलं होतं. माळेगावात ती का येत नव्हती, तेही आता कळलं. म्हाळसाला घोंगडीवर बसवेना.

तेवढ्यात तात्याबांची शीळ ऐकू आली आणि मेंढ्या परतल्या. आया बाहेरून ओरडू लागल्या, कोकरं आतून. अशा वेळी कुंपण एकदम उघडता येत नाही, कोकरं तुडवली जातात. एकेक उचलून बाहेर सोडावं लागतं, मग जिची ती ओळखून घेते. झुंबरबाई लगबगीनं आत शिरली. म्हाळसा उठली, चप्पल काढली आणि तिच्यामागं जाळीत गेली.

"आये, कुठलं आधी सोडू?"

"गप," झुंबरबाई हळूच म्हणाली. "तुझ्या मैत्रिनी बघत्यात."

"बघू दे." म्हाळसानं वळून मोठ्यानं सांगितलं, "आनेके, योगिनी, ही माझी आई. झुंबरबाई तिचं नाव." मग आवाज खाली गेला. "आये, त्या दिवशी मी तोंड फिरवलं. माझं चुकलं."

हातातलं कोकरू झुंबरबाईनं सोडलं, दुसरं उचललं, तेही सोडलं. मग लेकीच्या हातांकडे बघून म्हणाली, "असं धरत्यात व्हय? पोटाखाली हात घाल. बारावी झाली आन कोकरू धरता यीना."

म्हाळसानं पोटाखाली हात घातला. आई आणखी बरंच बोलली, ओढणी नीट खोच म्हणाली, अंगानं वाळलीस म्हणाली, आणि म्हाळसा प्रत्येक गोष्टीला व्हय व्हय करत राहिली. कुंपण रिकामं झालं तेव्हा तिच्या ओढणीला लेंड्यांचा वास येत होता. माळेगावी आल्यावर ती ओढणी तिनं आठवडाभर धुतली नाही.

जूनमध्ये आनेके गेली. आता रविवारी एक वाजता फोन वाजायचं कारण उरलं नव्हतं. पण तिसऱ्या रविवारी तो वाजला, तेव्हा म्हाळसा आईला घेऊन योगिनीकडे आली होती. पलीकडे आनेके होती.

"म्हाळसा, तुझी आई कुठं आहे आज?"

"हाय की. आत्याकडं आलीया. हितंच बसलीया माझ्याजवळ."

म्हाळसानं रिसीव्हर आईच्या कानाला लावला. झुंबरबाईनं तो दोन्ही हातांनी धरला, घसा खाकरला.

"जेवलीस का गं पोरी?" तिनं विचारलं.

"जेवले," पलीकडून आनेके म्हणाली, आणि तिचा आवाज मध्येच लहान पोरीसारखा झाला.