सत्तेचाळीस सरी

चंदनाचा आवाज कापसाच्या शेतांतून हिंडून आला होता. विदर्भातल्या, खानदेशातल्या आठवडी बाजारांत जीपगाडीवरच्या कर्ण्यातून तो बोंडअळीचं औषध विकत असे. ती स्वतः मात्र बेंगळूर सोडून कुठं गेली नव्हती. बनशंकरीतलं दोन खोल्यांचं घर, घरात आई सोयराबाई, आणि बस बदलून शिवाजीनगरला गेलं की गुंडोचा स्टुडिओ. स्टुडिओ म्हणजे टायरच्या दुकानावरची खोली, भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकलेले. गुंडो मुंबईच्या कंपन्यांकडून कामं आणायचा, चंदना ती मराठीत बोलायची, आणि पैशातला मोठा वाटा वाटेतच कुठंतरी गळायचा. विचारलं की गुंडो म्हणायचा, "अक्का, आवाज तुमचा, कबूल. पण ऐकणारा कान कोण आणतो?"

नव्याण्णवच्या उन्हाळ्यात तिनं त्याला सांगितलं की यापुढं ती येणार नाही. एक तरी काम आपलं आपण मिळवायचं, मधल्या हाताशिवाय, योग्य मोलाचं. एवढंच तिनं मनाशी धरलं होतं.

गुंडो हसला नाही, रागावलाही नाही. "सरी," म्हणाला. "दार उघडंच असतं."

बरं, ठीक, चालेल, या सगळ्यासाठी कन्नडातलं हे एकच 'सरी' बेंगळुरात पुरतं. मराठी घरांतही ते जिऱ्यामोहरीसारखं पडलेलं असतं.

यल्लाप्पाच्या सायबर कॅफेत चार संगणक होते आणि एकच पंखा. तिथं इंटरनेटवरच्या एका पानावर काम देणारे आणि काम मागणारे आपापल्या चिठ्ठ्या लावत. पान वरून खाली पट्टीपट्टीनं उघडायचं, साडीच्या दुकानात माणूस घडी उलगडतो तसं, आणि काठ दिसेपर्यंत तासाचे पैसे चढायचे. चंदनानं आपली चिठ्ठी लावली: मराठी आवाज, अनुभव आठ वर्षांचा, दर अमुक. दुसऱ्या दिवशी तिच्या खाली कुणीतरी त्याच्या अर्ध्यात करून देतो म्हणून लिहिलं. त्याच्या खाली आणखी कुणीतरी, नाव झालं तरी पुरे, पैसे नकोत म्हणून.

"फुकट बोलणारे पुष्कळ आहेत, अक्का," यल्लाप्पा म्हणाला. "माझी बायको पण बोलते."

दोन महिन्यांनी एक खरी चिठ्ठी आली. बेंगळुरातलीच कंपनी. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका बँकेसाठी टेलिफोनवर खात्याची शिल्लक सांगणारं यंत्र बनवत होती. मराठी बाईचा आवाज हवा, दर शब्दागणिक. दर चांगला होता. चंदनानं तो तीनदा वाचला आणि त्या रात्री आईला म्हणाली, "अम्मा, एका शब्दाला गुंडोकडच्या चहासकट अख्ख्या दिवसाएवढं मिळतंय."

कंपनीतला रघुपती सभ्य माणूस होता. खुर्ची पुढं केली, कॉफी मागवली, कन्नडातच बोलला. शब्दांचा कागद तिच्यापुढं ठेवला. 'आपल्या खात्यात', 'रुपये', 'धन्यवाद', आणि खाली आकडे: शून्यापासून वीसपर्यंत, मग तीस, चाळीस, असे नव्वदपर्यंत.

"एकवीस कुठं आहे?" चंदनानं विचारलं.

"वीस आहे, एक आहे. यंत्र जोडून घेईल. इंग्रजीत अठ्ठावीस शब्दांत शंभराच्या आतले सगळे आकडे बसतात."

"मराठीत बसत नाहीत. चौसष्ट म्हणजे चौसष्ट. त्यात साठही सरळ नाही नि चारही सरळ नाही. प्रत्येकाचं तोंड वेगळं."

"कन्नडात जमतं. अरवत्तु, नाल्कु, अरवत्तनाल्कु." रघुपतीला खरंच नवल वाटलं. "तुमच्याच भाषेला काय झालंय?"

"काही झालेलं नाही. तिला शंभर तोंडं आहेत."

"आमच्याकडं पैसे अठ्ठावीस तोंडांचेच आहेत, मॅडम. तुम्ही 'साठ चार' म्हणा. लोक समजून घेतील."

"फोन आपटतील. बँक बुडाली म्हणतील."

"मग शंभर म्हणा, पण पैसे कागदाप्रमाणं. वरचे शब्द तुमच्या भाषेकडून भेट समजू."

"भेट घरच्यांना देतात," चंदना म्हणाली आणि कॉफी तशीच ठेवून उठली.

तिच्या घरात एक रीत होती. वाण्याकडचं, रिक्षाचं, बाहेरचं सगळं कन्नडात मोजायचं; घरचं मराठीत. पोळ्या मराठीत, बांगड्या मराठीत, लेकरांची वयं मराठीत. तीनशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून मराठा फौजेच्या घोड्यांमागं चालत आलेलं हे घराणं. बोलीत कन्नड कुठं कुठं मुरलं होतं ते आता वेगळं काढता आलं नसतं. पण अंकांना कुणी हात लावू दिला नव्हता. सोयराबाईनं ते लेकीला गाण्यातून दिले होते:

*एक मोती माझ्या दारी, दोन मोती दोन्ही हाती*
*तिसरा गं कुणासाठी, सांग बाई*

असे शंभर मोती. त्यातले बहात्तर फुकट टाकून दे म्हणणाऱ्याला काय सांगायचं.

सोयराबाई मात्र पदराला हात पुसत म्हणाली, "स्वल्प कमी घ्यायचं होतंस गे. काम तर आलं असतं."

"कमी घ्यायला गुंडो काय वाईट होता?"

आईनं ताट वाढलं.

पंधरवड्यानं त्याच पानावर दुसरी चिठ्ठी दिसली. कंपनीचं नाव नाही, नुसता पोस्टाच्या पेटीचा नंबर. बालवाडीच्या मुलांसाठी अंकांची कॅसेट काढायची आहे. दर पहिल्यापेक्षाही चांगला. नमुना पाठवा: एक ते शंभर, मायेनं म्हणा, मुलांना मागून म्हणता यावं म्हणून प्रत्येक अंकानंतर जागा सोडा. नमुने परत मिळणार नाहीत.

चंदनाला वाटलं, देवानं ऐकलं. शंभरच्या शंभर मागणारं कुणीतरी होतं.

दुपारी नळाची वेळ टळल्यावर, गल्ली निजल्यावर तिनं टेपरेकॉर्डर उशीवर ठेवला. समोर आईला बसवलं. "तू मूल हो," म्हणाली, "म्हणजे मला सूर लागेल." सोयराबाई डोळे मिटून बसली. चंदना म्हणत गेली. गाण्याचे शब्द गळाले होते, पण चाल अंकांच्या खाली वाहत होती. अकराला ती ओठ दुमडून हसली, एकोणतिसाला हात धरून पायरी चढवली, छत्तीसला रुसलेल्याला जवळ घेतलं. प्रत्येक अंकानंतर ती थांबे आणि त्या रिकाम्या जागेत तिला खरंच लहान लहान आवाज ऐकू येत.

सत्तेचाळीसला शेजारची अक्का दारात आली. बोटांनीच तिनं विचारलं, मी बाजारात चाललेय, कोथिंबीर आणू का? आणि सोयराबाई, विसरून, हळूच म्हणाली, "सरी."

चंदनानं डोळे वटारले. पण चाल तुटू दिली नाही, पुढं गेली. नमुनाच तर आहे, तिनं मनात म्हटलं. खऱ्या कॅसेटच्या वेळी अम्माला आत बसवीन.

कॅसेट गेली. उत्तर आलं नाही. गौरीगणपती झाले, पावसाळा सरला. यल्लाप्पा आताशा तिच्याकडून अर्ध्या तासाचेच पैसे घेई आणि त्याबद्दल बोलत नसे.

दसऱ्यानंतर शलाकाताईंनी तिला घरी बोलावलं. शलाकाताई पुण्याच्या. यजमान सरकारी संशोधन संस्थेत, दोन वर्षांपूर्वी बदलीवर आलेले. मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात ओळख झाली होती. चंदनाचं बोलणं ऐकून त्या म्हणायच्या, "किती गोड गं तुझं मराठी. जरासा कानडी हेल आहे, पण क्यूट वाटतो."

"तुला एक गंमत ऐकवायचीय," त्या दिवशी त्या म्हणाल्या. "मी पण तुझ्या लाइनमध्ये आले, माहितेय? एका बँकेचं फोनचं काम केलं. पेमेंट काही फार नाही, म्हणजे नाहीच म्हण. पण घरी बसून बोअरच होतं ना."

"आकडे किती म्हणायला लावले?" चंदनानं विचारलं.

"आकडे नाहीच. ते म्हणाले, झालेत आमचे. मी फक्त 'आपल्या खात्यात' नि 'रुपये' वगैरे. तर गंमत ऐक. लोकांच्या कम्प्लेंट येतायत. एका आकड्यानंतर बाई काहीतरी वेगळंच बोलते म्हणे. रघुपतींनी मला विचारलं, मराठीत 'सरी' म्हणजे काय? मी म्हटलं, पावसाच्या सरी. आता बँकेत पाऊस कुठून आला?" त्या हसत फोनजवळ गेल्या. "टेस्टिंगसाठी एक खोटं खातं आहे, तोच बॅलन्स ठेवलाय. ऐक."

त्यांनी नंबर फिरवला, खात्याचे आकडे दाबले आणि रिसीव्हर दोघींच्या कानांच्या मधोमध धरला.

"आपल्या खात्यात," शलाकाताईंचा इस्त्री केलेला आवाज म्हणाला. मग एक बाई, कुणा लेकराला मांडीवर घेऊन बसलेली, म्हणाली, "सत्तेचाळीस." तिच्या मागून, जुन्या ट्रंकेतून यावा तसा, दुसरा आवाज आला, "सरी." आणि पुन्हा इस्त्री, "रुपये. धन्यवाद."

"सत्तेचाळीस सरी रुपये," शलाकाताई हसल्या. "मला तर वाटतं..." आणि त्यांनी चंदनाकडं पाहिलं. रिसीव्हर अजून तिच्या कानाशी होता. तिकडून नुसती घरघर येत होती.

"ती माझी आई आहे," चंदना म्हणाली.

शलाकाताईंना कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्या आत जाऊन पाणी घेऊन आल्या. "मला खरंच माहीत नव्हतं गं."

"तुम्ही विचारलं नाहीत, आकडे कुणाचे?"

"कसं विचारणार? मी नवीन."

चंदना पाणी प्यायली. ग्लास खाली ठेवताना तिच्या लक्षात आलं की या बाईवर रागावण्याइतकीही जागा नाही. जिनं पैसेच घेतले नव्हते, तिच्याकडून काय परत मागणार?

रघुपतीनं याही वेळी खुर्ची पुढं केली. नाकारलं काहीच नाही. "नमुना तुम्ही आपणहून पाठवलात, मॅडम. परत मिळणार नाही, हेही लिहिलं होतं."

"बालवाडी कुठं आहे?"

त्यानं शब्दांचा कागद पुढं ओढला. मग म्हणाला, "एक करता येईल. तो एक शब्द खराब आलाय. तेवढा पुन्हा म्हणून द्या. सत्तेचाळीस. चिठ्ठीतल्या दरानं रोख देतो, आत्ता."

गुंडोला सोडल्यापासून तिला जो दर हवा होता, तोच होता तो. पुरता, मधल्या हाताशिवाय. एका शब्दाचा.

"आणि बाकीचे नव्याण्णव?"

"ते चांगले आलेत," रघुपती म्हणाला. त्याला तो दिलासा वाटला असावा.

"मी म्हणणार नाही. राहू दे माझ्या आईला तिथं."

जिना उतरताना तिला छातीत कुठंतरी बरं वाटत होतं. त्या यंत्रात निदान एक जागा तरी त्यांना दुखत राहील, असं.

घरी तिनं सगळं सांगितलं. आई संतापेल, रडेल असं तिला वाटलं होतं. सोयराबाई भाजी निवडता निवडता थांबली.

"म्हणजे तिकडं महाराष्ट्रात ऐकू येते मी?"

"हो. सत्तेचाळीसनंतर."

"आपल्यातलं कुणी परत गेलं नव्हतं गे तिकडं." तिनं बोटं उघडून पाहिली, जणू काही मोजणार होती. "गेला तर एक शब्द गेला, तोही कन्नडाचा." आणि ती हसायला लागली. चंदनालाही हसू आलं. बऱ्याच दिवसांनी त्या घरात दोघी एकदम हसल्या. "मला ऐकव," आई म्हणाली. "एकदा ऐकव."

परगावचे फोन महाग. चंदनानं रविवारपर्यंत थांबायला सांगितलं, रविवारी दर उतरतात. सोयराबाईनं ठेवणीतली निळी इरकल नेसली, अंबाड्यात शेवंती माळली. शेजारच्या अक्कानं विचारलं, कुठं, देवळात? "फोनला," ती म्हणाली.

कोपऱ्यावरच्या बूथच्या काचेच्या खोलीत दोघी दाटीनं उभ्या राहिल्या. चंदनानं नंबर फिरवला, शलाकाताईंनी दिलेले खात्याचे आकडे दाबले आणि रिसीव्हर आईच्या कानाला लावला. स्वतः रिसीव्हरच्या पाठीला कान टेकवला.

"आपल्या खात्यात," फोन म्हणाला.

सोयराबाईनं श्वास धरला.

"सत्तेचाळीस," फोन म्हणाला. तोच इस्त्रीचा आवाज, स्वच्छ, सपाट. "रुपये. धन्यवाद."

बाकीचे नव्याण्णव आत कुठंतरी, आपला नंबर लागायची वाट बघत, मायेनं बसले असतील.

सोयराबाईनं रिसीव्हर सोडला नाही. पुढं काही येईल म्हणून ती ऐकत राहिली. बाहेर मीटरचे लाल आकडे चढत होते.

"चंदू, मी कुठं आहे?"

"काढलं तुला, अम्मा. शलाकाताईंकडून म्हणवून घेतलं."

आईनं रिसीव्हर दोन्ही हातांनी जागेवर ठेवला, हळू, आत कुणी निजलं असावं तसा. मग अंबाड्यातली सैल झालेली शेवंती नीट खोचली.

"सरी," ती म्हणाली.

सोमवारी चंदना गुंडोच्या स्टुडिओला जायला शिवाजीनगरच्या बसमध्ये चढली.