आतून कडी नसलेले दार

मी एक जुने पितळी कुलूप आहे. चर्चच्या मागे जे सभागृह आहे, त्याच्या दाराला मी कित्येक वर्षे लटकलेले आहे. मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून टाकते, माझा स्वभाव संशयी आहे. त्याला माझाही इलाज नाही. येईल तो चोर असे धरून चालले, तरच कुलपाला कुलूप म्हणायचे.

एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. भट्टीतून निघाले, कानशीने घासले गेले, पोटात खटके बसले. मग एका म्हाताऱ्या कारागिराने मला कानाशी धरून किल्ली फिरवली आणि तो खूश होऊन म्हणाला, "हे कोणाच्या बापाला उघडायचं नाही." आयुष्यात मला मिळालेली ती पहिली शाबासकी.

पण या दारावर आले आणि शाबासकीची माती झाली. कारण माझ्या किल्ल्या! पाळकसाहेबांकडे एक, खजिनदारबाईंकडे एक, घंटेवाल्या काकांकडे एक, गाणाऱ्यांकडे एक, महिला मंडळाच्या कपाटात एक. "सभागृह सगळ्या मंडळीचं आहे," असे म्हणून जो तो किल्ली करून घ्यायचा. यायचे, उघडायचे, थेट आत शिरायचे. दार वाजवायची पद्धतच नव्हती. वाजवणार तरी कोणासाठी? आत खुर्च्या, बाके, कपबशा आणि एक खोकणारी बाजाची पेटी. तिथे कोणी राहत नव्हते, म्हणून दाराला आतून कडीही नव्हती.

मग डोंगरापलीकडे युद्ध पेटले. माणसे हाताला लागेल ते घेऊन पळत सुटली. आमच्या मंडळीने उपासनेनंतर ठरवले की, एक कुटुंब आपण सांभाळायचे. थोड्याच दिवसांत एक सासू, तिची सून आणि सुनेची लहान मुलगी सभागृहात राहायला आली. मुलीचा बाप कुठे आहे, हे त्यांनी सांगितले नाही. मला तेव्हाच शंका आली.

मंडळीने मात्र हात आखडता घेतला नाही. गाद्या आल्या, शेगडी आली, स्वेटर तर इतके आले की तिघींना रोज नवा घालता आला असता. घंटेवाल्या काकांनी ओळख काढून सुनेला जवळच्या बेकरीत काम मिळवून दिले.

त्या घरात असल्या की मी बाहेरच्या कडीला उघडे लटकत असे. दाराच्या फटीतून आतले बरेच दिसे, आणि जे दिसे ते मला पटत नसे. तिघी घरातसुद्धा बूट घालून बसायच्या. दाराजवळ एक भरलेली पिशवी कायम तयार. आपसांत बोलणे हळू, आणि बाहेर पाऊल वाजले की तेही बंद. मी मनात म्हटले, इथे कुठेतरी पाणी मुरतेय.

पावले तर सारखीच वाजायची. सकाळी कोणी दूध घेऊन येई, दुपारी कोणी स्वेटर, संध्याकाळी महिला मंडळाला कपबशा हव्या असत. एकदा सून केस धूत होती, तेवढ्यात गाणारे दोघे बाजाची पेटी न्यायला आले. "चालू द्या तुमचं," असे म्हणत पेटी उचलून निघूनही गेले. त्यांच्या मनात काही नव्हते. सून मात्र ओले केस हातात धरून कितीतरी वेळ भिंतीकडे तोंड करून उभी होती.

दार उघडले की मुलगी टेबलाखाली शिरायची. टेबलावरची चादर जमिनीपर्यंत लोंबत असे. खजिनदारबाईंना वाटे, पोर लपाछपी खेळतेय. त्या चादर उचलून "सापडली!" म्हणून ओरडत आणि खळखळून हसत. पोर कधीच हसत नसे. माझा संशय आणखी वाढला.

एके दुपारी खजिनदारबाई दुधाचे भांडे घेऊन आल्या. नेहमीप्रमाणे त्यांनी खांद्याने दार ढकलले. दार हलेना! दूध त्यांच्या अंगावर सांडले.

"अगं बाई! दार कोणी अडवलंय?"

आत जड बाक सरकवल्याचा आवाज झाला आणि फटीत सासूचा चेहरा दिसला.

"काही नाही," ती म्हणाली.

काही नाही म्हटले की काहीतरी असतेच, हा माझा आयुष्यभराचा अनुभव आहे.

झाले. गोष्ट तोंडोतोंडी झाली. "आपलंच सभागृह आणि आपल्यालाच दार बंद?" "दिवसाढवळ्या बाक लावून करतात तरी काय?" "खरंच एका कुटुंबातल्या आहेत का त्या?" शेवटी खजिनदारबाईंनी ठणकावून सांगितले, "रविवारी तोंडावर विचारू. नीट उत्तर दिलं तर ठीक, नाहीतर छावणीत पाठवू." छावणी म्हणजे चिखलातले तंबू, एकेका तंबूत चार-चार कुटुंबे. तरीही मला बाईंचे म्हणणे पटले.

रविवारी उपासना संपली आणि सगळे आले. अर्थात, दार न वाजवता. घंटेवाल्या काकांनी खांदा लावला, बाक करकरत मागे सरले.

"तुम्ही आमच्यापासून काहीतरी लपवताय," खजिनदारबाई म्हणाल्या. "आम्ही तुमचं काय वाईट केलं हो?"

सुनेने दाराजवळची पिशवी उचलली आणि निघायच्या तयारीने उभी राहिली. सासू मात्र टेबलापाशी गेली.

"लपवतोय ना," ती म्हणाली आणि तिने चादर वर केली. "हिला लपवतोय."

पोर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. दोन्ही हातांनी तिने स्वतःचे तोंड दाबून धरले होते.

"हिच्या बापाला नेलं, त्या दिवशी दार असंच उघडलं होतं," सासू म्हणाली. "कोणी वाजवलं नाही. आलेले लोकही ओळखीचेच होते, बाई. हसतच आत आले. तेव्हापासून दार हललं की ही खाली शिरते. तुम्ही चांगली माणसं आहात, हे मला कळतं. पण दार उघडायच्या आधी तिला कसं कळणार?"

"आणि मी 'सापडली' म्हणायचे," खजिनदारबाई म्हणाल्या. मला फार वाईट वाटले. मी इतके दिवस त्या दारावर होते आणि नको त्यांच्यावरच डोळा ठेवून होते.

घंटेवाले काका बाहेर गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात पेचकस होता आणि घंटेच्या जिन्याच्या दाराची कडी.

"घंटा कोण उचलून नेणार आहे?" असे पुटपुटत त्यांनी ती कडी आमच्या दाराला आतून बसवली.

पाळकसाहेबांनी दानाची थाळी पुन्हा एकदा फिरवायला सांगितली. या वेळी तिच्यात किल्ल्या पडल्या. खजिनदारबाईंनी आपली किल्ली जरा वेळ मुठीत धरली, मग टाकली. दोन किल्ल्या तर अशा निघाल्या की त्यांचा मलाही पत्ता नव्हता. बघा, मी संशय घेते तो उगाच नाही!

पाळकसाहेबांनी सगळ्या किल्ल्या सुनेच्या ओंजळीत ओतल्या. "आम्ही जागा दिली," ते म्हणाले, "दार द्यायचं राहूनच गेलं."

काही दिवसांनी खजिनदारबाई पुन्हा दुधाचे भांडे घेऊन आल्या. सवयीने खांदा पुढे केला, तशाच थबकल्या. मग त्यांनी दार वाजवले.

"कोण?" आतून बारीक आवाज आला.

"मी!"

"मी कोण?"

साऱ्या मंडळीत बाईंना असे विचारायची कोणाची हिंमत नव्हती. मला वाटले, आता पारा चढणार. पण बाई खाली वाकून फटीशी तोंड नेत म्हणाल्या, "खजिनदारबाई. दूध आणलंय. नको असेल तर पायरीवर ठेवून जाते."

"थांबा."

बाई थांबल्या. बराच वेळ आत काही हालचाल होईना. माझ्या मनात पाल चुकचुकली, आता ही पोर काही दार उघडत नाही. तेवढ्यात कडी सरकली. दारात पोर एकटीच उभी होती. तिच्या पायांत बूट नव्हते.

मित्रांनो, माझा संशयी स्वभाव अजून गेलेला नाही. फक्त आता मी संशय घेते तो बाहेरून येणाऱ्यांचा, मग त्यांच्या हातात दुधाचे भांडे का असेना. मला अधूनमधून तेलाचे दोन थेंब मिळाले तरी पुरे. पण युद्धातून जीव वाचवून आलेल्या कोणाला तुम्ही आसरा दिलात, तर आत जाण्याआधी दार वाजवा. आतून कोणी "कोण?" असे विचारले, तर रागावू नका. नाव सांगा आणि थांबा.