परकी बाई नको

"किती झाल्या?" नवऱ्याने दारातूनच विचारलं.

"चारशेच्या वर."

"सकाळी तर तीनशे म्हणाली होतीस."

सकाळी होत्याच तीनशे. एक चूक दुरुस्त केली की तिच्या आडोशाला दडलेल्या दहा बाहेर येतात, त्याला मी काय करू? एक सांधावं तर तेरा तुटतात ही म्हण ज्याने केली त्याने कंपायलर पाहिला नसेल, पण संसार नक्की केला असेल. आपण लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवून देतो तो कंपायलर. यंत्र बदललं की तो खाष्ट सासूसारखा वागतो. कालपर्यंत चालत होतं ते आज चालत नाही, आणि कारण विचारावं तर तेही तिरकसच सांगणार.

हा सगळा खटाटोप वन्संसाठी. माझ्या मोठ्या नणंदबाई, आमच्याकडेच असतात. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचं स्वरयंत्र काढलं, तेव्हापासून मानेला केलेल्या छिद्रातून श्वास घेतात. ऑपरेशनच्या आधी त्यांच्या आवाजातली पुष्कळ वाक्यं नोंदवून घेतली होती. त्यांनी टाइप केलं की ते तुकडे जुळवून त्यांच्याच आवाजात बोलणारी एक पेटी कायम त्यांच्या मांडीवर असते. स्वरयंत्र गेलं, पण वन्संचा तोरा काही गेला नाही. मी कुठल्याही कामाला हात घातला, की पाठीमागून पेटी विचारणार, "झालं का गं तुझं?"

आता ती पेटी मरायला टेकली होती. बनवणारी कंपनी कधीच बुडाली. जाता जाता तिने आपला प्रोग्राम सगळ्यांसाठी खुला केला, तेवढीच मेहरबानी. तो जुन्या यंत्रासाठी लिहिलेला, मला नव्या टॅबलेटवर चालवायचा होता. नोकरीत मी पगाराचे प्रोग्राम सांभाळते. आवाजातलं मला ओ का ठो कळत नाही. वन्संच्या लेकीने फोनवर समजुतीच्या सुरात सुचवलं, की हल्ली तयार आवाज मिळतात, गोड असतात, मामी कशाला डोकं फोडून घेतेय. वन्संनी पेटीवर बोटं आपटली. अडखळत, मधली अक्षरं गिळत पेटी बोलली, "माझ्या तोंडी परकी बाई नको."

मग मीही पदर खोचला.

दुपारपर्यंत चुका उतरत गेल्या. काही नुसत्या नावांच्या होत्या. एकच गोष्ट इकडे एका नावाने आणि तिकडे दुसऱ्या नावाने, माहेरच्या आणि सासरच्या नावासारखी. काही सोयी नव्या यंत्रात नव्हत्याच, त्या हाताने लिहून काढल्या. चुकांखेरीज कंपायलर इशारेही देतो. चूक काम अडवते, इशारा नुसता कुरकुरतो. त्या कुरकुरीचा मला इतका वैताग आला, की मी इशारे बंदच करून टाकले. अखेर पडदा कोरा झाला. मी वन्संना खुर्चीत बसवलं, नवऱ्याला हाक मारली आणि त्यांचं लाडकं वाक्य टाइप केलं.

टॅबलेटमधून पत्र्यावर खडे घासल्यासारखा खरखराट आला. त्यात वन्सं कुठेच नव्हत्या.

त्या जुन्या पेटीवरची धूळ पुसत बसल्या. मला रडू आलं, आणि स्वतःचा रागही आला. नवरा हळूच म्हणाला, पुरे आता, ताईला आपण समजावून सांगू.

"तू चहा टाक," मी म्हटलं, आणि इशारे पुन्हा चालू केले.

कुरकुरणाऱ्या माणसाचंही दहातलं एक खरं असतं. आवाजाची लाट वर जाते तशी खालीही जाते, म्हणून तिच्या आकड्यांत उणे आकडेही असतात. जुनं यंत्र ते न सांगता ओळखायचं. नवं यंत्र उणे काही नसतंच असं धरून चाललं होतं, आणि लाटेचा खालचा भाग भलतीकडेच फेकत होतं. कंपायलर बिचारा पहिल्यापासून तेच सांगत होता, मीच त्याचं तोंड दाबलं होतं. जिथे जिथे तसे आकडे होते तिथे तिथे मी एक शब्द जास्तीचा लिहिला, 'यात उणेही असतं' एवढंच सांगणारा.

चहा गार होऊन गेला होता.

"झालं का गं तुझं?" टॅबलेट म्हणाला. वन्संच्याच आवाजात, 'गं'वरचा तोच हेल काढून. नवरा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मला मात्र एक खटकलं. वाक्याच्या आधी बारीकसा 'सूं' ऐकू येत होता. दुसरं वाक्य लावलं, त्याच्याही आधी होता. पेटीच्या भिकार स्पीकरमधून तो कधी कळलाच नव्हता. एवढी एक चूक राहिलीय वन्सं, आत्ता कापून टाकते, म्हणत मी पुढे सरकले.

वन्संनी माझा हात धरला. टॅबलेटला कान लावून त्यांनी तो 'सूं' पुन्हा पुन्हा ऐकला. मग सावकाश टाइप केलं.

"चूक नाही ती. नाकाने घेतलेला श्वास आहे माझा. राहू दे."

संध्याकाळी भाचीचा फोन आला. वन्संनी गळ्यावरचा रुमाल सारखा केला, टॅबलेट फोनजवळ धरला आणि बोट टेकवलं. आधी तो श्वास गेला. पलीकडे 'हॅलो हॅलो' करणारी भाची एकदम गप्प झाली.

"आई?" ती म्हणाली.

वन्संचा अजून एक शब्दही झाला नव्हता.