शेवटच्या रांगेतला झाडू

आमच्या प्रभाविलास थिएटरला कुणी जुनाट म्हटलं की माझं डोकं फिरतं. एकतीस वर्षं मी इथला व्यवस्थापक आहे, तेवढा हक्क मला आहे. नगरात कुणी माइक पाहिला नव्हता, तेव्हा हे थिएटर उभं राहिलं. मिस्त्रीने सागवानी फळ्यांचं छत असं उतरतं बसवलं, की रंगमंचावरचा हुंदकासुद्धा शेवटच्या रांगेत पोचावा. नाटक कंपन्या आल्या, मग सिनेमा आला, मधे तर इथे साखरेच्या पोत्यांचं गोदाम होतं, पुन्हा नाटकं आली. छत तेच राहिलं. त्या मिस्त्रीचं नाव कुठेही लिहिलेलं नाही, पण आत शिरताना मी रोज त्याला मनातल्या मनात नमस्कार करतो.

आमची एक रीत आहे. प्रयोगाआधी मुख्य नट नेहमीच्या आवाजात एक वाक्य बोलतो. शेवटच्या रांगेत झाडलोट करणाऱ्या गोजरबाई बसतात. ऐकू आलं की त्यांचा झाडू वर. नाही गेला, तर नट कितीही मोठा असो, सेट दोन हात पुढे सरकतो. त्यांच्या आधी हे काम त्यांच्या सासूबाई करायच्या. त्या झाडूकडे बघून भल्याभल्यांचं तोंड एवढंसं झालेलं मी पाहिलंय.

गेल्या महिन्यात थिएटरच्या मालक संस्थेने ठरवलं की फळ्या काढून नवं छत आणि स्पीकर बसवायचे. अहवाल द्यायला भिंगारहून प्रज्ञा नावाची तरुण इंजिनिअर आली. तिने रंगमंचावर स्पीकरचा डबा ठेवून मोठा आवाज लावला. रिकामं थिएटर नुसतं घुमलं.

"शब्द कळत नाहीत. छत बदलावं लागेल," ती म्हणाली.

माझा पारा चढला, पण गोजरबाई आधी बोलल्या.

"ताई, त्यो डबा ठिवा बाजूला. हे थेटर मानसांसाठी बांधलंय. मानसाचा आवाज आयका."

प्रज्ञाने स्पीकर बंद केला. "ठीक आहे. हळू बोललेलं शेवटच्या रांगेत पोचलं, तर छताला हात लावू नका असं लिहून देते."

मी बाह्या सरसावून रंगमंचाकडे निघालो.

"तुमी नगं, साहेब. तुमी लई वरडता."

त्यांनी झाडू प्रज्ञाच्या हातात दिला. "तिथं माझ्या जागी बसा. आयकू आलं तरच वर करा. माझ्यावर दया करू नगा."

गोजरबाई रंगमंचावर चढल्या. ती जमीन त्यांनी रोज झाडली होती, पण तिथून कधी एक शब्द बोलल्या नव्हत्या. पदर सावरला, तोंड उघडलं, आवाजच फुटेना. छत गेलं, असंच मी धरून चाललो.

मग त्या अगदी हळू बोलल्या. "सासू म्हनायची, गोजर, फुडं बसनाऱ्याला समदेच इचारत्यात. मागच्याला आयकू येतंय का, ते आपुन बघायचं." त्यांनी मान उंचावली. "ताई, येतंय का आयकू?"

मागे अंधारात झाडू वर गेला. सरळ, ताठ. माझे डोळे भरून आले, लपवत नाही.

"गोजरबाई, जिंकलात! या खाली," मी ओरडलो.

त्या जागच्या हलल्या नाहीत. त्या वर गेलेल्या झाडूकडेच बघत होत्या.

"थांबा की, साहेब," त्या म्हणाल्या. "मला अजून बोलायचं हाय."