सतरा इंचांचं निमित्त

माझा लॅपटॉप सतरा इंची आहे. चार्जरसकट वजन साडेचार किलो. ज्याने कुणी असल्या वस्तू मांडीवर घेऊन बसायच्या असं ठरवलं, त्याने एकदा निगडीला यावं आणि हा तासभर मांडीवर घेऊन दाखवावा. आमच्याकडे तो जेवणाच्या टेबलावरच असतो. त्याचं एक बिजागर गेलंय, म्हणून स्क्रीनच्या मागे नाचणीच्या पिठाचा डबा टेकू म्हणून लावलाय. पंखा सुरू झाला की शेजारच्यांना वाटतं मी मिक्सर लावला.

‘बाबा, द्या आता तो एक्स्चेंजमध्ये,’ सुखदा म्हणाली. ती माझी मुलगी, हैदराबादला असते. रोज साडेसातला व्हिडिओ कॉल असतो. ‘तेरा इंची घ्या. जेमतेम सव्वा किलोचा येतो. बॅगेत टाकला की इकडे यायला तुम्ही मोकळे. रविवारपर्यंत ऑफर आहे.’

तिच्या शेजारी चारू, म्हणजे चारुलता, माझी बायको, नातवाला भात भरवत होती. तिने वरदच्या हनुवटीवरचं शीत तेवढं पुसलं.

चारू दोन वर्षांपूर्वी लेकीच्या बाळंतपणाला गेली ती सहा महिन्यांसाठी. बाळंतपण झालं, बाळ बसायला लागलं, रांगायला लागलं, चालायला लागलं. तिचे सहा महिने काही संपले नाहीत. मी गेलो नाही, कारण मला काम होतं. तीस वर्षं मी एका कंपनीच्या टूलरूममध्ये साच्यांचं आणि हत्यारांचं डिझाइन केलं आणि निवृत्त झाल्यावर घरी बसून भोसरीतल्या वर्कशॉपवाल्यांना ड्रॉइंग करून द्यायला लागलो. माझं डिझाइनचं सॉफ्टवेअर जुनं, ते या एकाच मशीनला बांधलेलं, दुसऱ्यावर चालत नाही. मशीन हलवण्याजोगं नाही आणि काम सोडता येत नाही, हे मी हैदराबादला इतक्या वेळा ऐकवलं होतं की जावई हल्ली ‘काय बाबा, मशीन काय म्हणतंय?’ असंच विचारतो.

आता खरं सांगतो. आधी सात-आठ वर्कशॉपवाले यायचे, ते एकेक करून थांबले. कुणी मुलगा इंजिनिअर झाला म्हणून, कुणी सांगितलंही नाही. राहिला एकटा गोरक्ष. चारूला मात्र मी सांगायचो, काम वाढलंय, चाकणचीही दोन कामं आलीत, डोकं वर काढायला फुरसत नाही. चाकणच्या कारखान्यांत मला कुणी ओळखतसुद्धा नाही.

गोरक्ष चाकणकडच्या एका गावातला. माझ्याच हाताखाली टूलरूममध्ये शिकला आणि पुढे भोसरीत स्वतःचं वर्कशॉप काढलं. भोसरीच्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारी, म्हणून तो दर गुरुवारी सकाळी माझ्याकडे यायचा. वर्तमानपत्रात गुंडाळून एखादा लोखंडी भाग आणायचा आणि म्हणायचा, ‘साहेब, याला ड्रिल मारताना पकडायला फिक्श्चर पाहिजे. घाई न्हाई. पर तुमच्याच हातचं पाहिजे.’ मग चहा घेऊन तासभर बसायचा. दोन दिवसांचं काम मी सहा दिवस पुरवायचो. एकेक माप तीनतीनदा घ्यायचो.

कारण दुपारी अडीच ते पाच आमच्या बिल्डिंगमध्ये फक्त मी आणि वॉचमन असतो. लिफ्टचा आवाज आला की मी मान वर करायचो. लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबायची नाही. मला एकटं वाटायचं, फार वाटायचं. ते बोलून दाखवलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: मग इकडे का येत नाही? आणि जावयाच्या सोफ्यावर, कुणाच्याही उपयोगाचा नसलेला सासरा म्हणून रिमोट घेऊन बसायची मला भीती वाटत होती. निगडीत निदान गोरक्षला माझी गरज होती.

लहान लॅपटॉप घेतला तर गोरक्षचं काम बुडणार, हे उघड होतं. त्याला न विचारता निर्णय घेणं बरं दिसलं नसतं. ऑफर रविवारी संपत होती आणि गुरुवारपर्यंत मला दम निघेना. बुधवारी सकाळी मी बस पकडून भोसरीला गेलो. तो दर आठवड्याला घरी येत असल्याने मी वर्षभरात तिकडे फिरकलो नव्हतो.

वर्कशॉप सुरू होतं. दारालगतच्या टेबलावर एक मुलगी बसली होती. ‘सर, मी रोहिणी, इथे डिझाइन बघते,’ ती उठून म्हणाली. ‘बसा ना. दादा मागे आहेत, बोलावते.’ तिच्या पुढ्यात वहीएवढा लॅपटॉप होता.

‘यावर होतं हे सगळं?’ मी विचारलं.

‘हो, आता सगळं यावरच होतं. पंखासुद्धा नाहीये याला.’

मी स्क्रीनकडे पाहिलं. त्यावर एक फिक्श्चर होतं. ते मी ओळखलं, कारण सकाळी निघेपर्यंत मी त्याच्यावरच काम करत होतो. गेल्या गुरुवारी गोरक्षने दिलेला भाग, तीच तीन भोकं, तोच तिरका पाय. खालच्या चौकटीत रोहिणीचं नाव आणि वर्षापूर्वीची तारीख होती.

तिच्या पलीकडे ड्रिलिंग मशीनवर ते फिक्श्चर चालूही होतं. हात लागून लागून त्याच्या कडांचा रंग उडाला होता. निदान वर्षभर तरी वापरात असावं.

गोरक्ष हात पुसत आला. माझं तोंड बघून तो जागीच थांबला.

‘साहेब, तुम्ही? चहा सांगू?’

‘माझी ड्रॉइंग कुठे आहेत, गोरक्ष?’

त्याने काही सारवासारव केली नाही. कपाट उघडून एक फाइल काढली. सगळी ड्रॉइंग त्यात होती, आठवड्यांच्या क्रमाने, एकेक प्लास्टिकच्या पिशवीत. एकालाही तेलाचा डाग नव्हता. मशीनपाशी गेलेल्या ड्रॉइंगला तेलाचा डाग पडतोच.

‘वहिनींचा फोन आला व्हता,’ तो म्हणाला. ‘मागल्या साली. म्हनल्या, साहेबांचं काम बंद पडू देऊ नका, गोरक्षभाऊ. घरात एकटे हायेत. हातात काम असलं की जेवत्यात वेळेवर. आता वहिनींना न्हाई कसं म्हनायचं? पर खरं काम द्यावं तर तुमाला वेळ लागतो, अन् कंपनी थांबत न्हाई. म्हनून मग झालेलीच कामं आनायचो.’

‘मी काय भिकारी आहे?’ मी ओरडलो. दोन मशीनवरच्या माणसांनी माना वळवल्या. ‘वर्षभर माझं बाहुलं केलंस तू! लहान मुलाला पाटी देऊन कोपऱ्यात बसवावं तसं!’

‘तसं न्हाई, साहेब. तुमच्याच हाताखाली शिकलोय मी. गुरुवारी तुमच्याकडं बसाया मला बी बरं वाटायचं.’

मी चहा न घेता निघालो. बसमध्ये मी आधी गोरक्षवर चिडलेला होतो. लांडेवाडीचा थांबा मागे पडला तेव्हा तो राग चारूवर गेला. तिला सुनावायची वाक्यं मी ओळीने तयार केली, त्यातली दोन तर फार लागतील अशी होती. घरी येऊन जेवलो नाही. सकाळचं अर्धवट फिक्श्चर स्क्रीनवर तसंच होतं, ते सेव्ह न करता बंद केलं.

साडेसातला कॉल लागला. सुखदा ऑफिसातून यायची होती. चारू एकटीच होती.

‘मोठा देऊन टाकतोय,’ मी म्हणालो. ‘लहान घेतोय.’

ती दचकलीच. ‘आणि गोरक्षभाऊंचं काम? ते कसं होणार?’

तयार केलेली वाक्यं तोंडाशी आली होती. त्यांच्याऐवजी मी एवढंच म्हणालो, ‘आज भोसरीला गेलो होतो.’

‘आज? बुधवारी?’

म्हणजे वर्कशॉप चालू असताना. तिला सगळं कळलं. तिने चष्मा काढला आणि पदराने पुसायला घेतला. पुसत राहिली.

‘रागावलात?’

‘हो.’

‘रागवा. तेव्हा तुमचा चेहराच बघवत नव्हता मला. कॉलवर नुसते हं हं करायचात. मग गोरक्षभाऊंना सांगितलं आणि पुढच्याच महिन्यात चाकणचीही कामं आली म्हणालात. म्हटलं, चला, गाडी लागली रुळावर.’ तिने चष्मा लावला. ‘चाकणची तर खरी आहेत ना?’

हिला सुनावायला मी दिवसभर दातओठ खात बसलो होतो.

‘नाहीत,’ मी म्हणालो. ‘चाकणचं काहीच नाही. कधीच नव्हतं. मीच सांगत होतो.’

तिने चष्मा पुन्हा काढला, हातातच धरला. मग ती म्हणाली, ‘वरद जूनपासून पाळणाघरात जातो. सकाळी नऊला जातो तो सात वाजता सुखदाबरोबरच येतो.’

‘हे मला कुणी सांगितलं नाही.’

‘मीच सुखदाला म्हटलं, सांगू नकोस. तुम्ही म्हणाला असतात, मग परत ये. आणि तुम्ही एवढे कामात. मी आले की माझी औषधं, माझी पथ्यं, तुमचा सगळा दिवस मोडायचा. तुमचं छान चाललंय, त्यात आपली लुडबुड कशाला, असं वाटलं.’

‘मग दिवसभर करतेस काय?’

‘गॅलरीत बसते. खाली बायका जमतात, पण त्यांचं सगळं तेलुगू. त्या हसल्या की मीपण हसते.’

जूनपासून आठ महिने ती त्या गॅलरीत बसली होती. माझ्या चाकणच्या कामांना अडचण नको म्हणून. मी इथे लिफ्टचा आवाज ऐकत होतो आणि ती तिथे न कळणाऱ्या गप्पांना हसत होती, आणि रोज साडेसातला आम्ही दोघं एकमेकांना सगळं छान चाललंय असं सांगत होतो. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

‘चारू, मला तुझ्याशिवाय करमत नाही,’ मी म्हणालो. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, असलं वाक्य मी कधी उच्चारलं नव्हतं. नीट उच्चारताही आलं नाही.

तिकडे दार वाजलं. सुखदा आणि वरद आले असावेत. चारूने मागे वळून पाहिलं, पण ती उठली नाही.

‘लहान घेतो,’ मी म्हणालो. ‘शनिवारी गाडीत बसतो. तुला न्यायला येतो, की मीच तिकडे राहायचं, ते तू सांग.’

‘ते आल्यावर ठरवू,’ ती म्हणाली. ‘तुम्ही आधी या. आणि लॅपटॉपचं राहू द्या, त्याच्यासाठी शनिवारपर्यंत थांबू नका. उद्याच निघा.’